‘पॉइंट’ : महाबळेश्वरच्या प्रेक्षणीय स्थळांच्या नावांचा इतिहास

महाबळेश्वरी उतरलेल्या पाहुण्याने आपल्या निवासस्थानाच्या व्यवस्थापकाला ‘येथे पाहण्यासारखे काय आहे?’ असा प्रश्न केला, म्हणजे उत्तरादाखल त्याच्या हाती नावांची एक यादी पडते. आर्थर्स सीट, केट्स पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट, लॉडविक पॉइंट, बॉम्बे पॉइंट, विल्सन पॉइंट, कॅनॉट पीक, लिंगमळ्याचा धबधबा, वेण्णा तलाव आणि अखेरीस जुने क्षेत्र. कोठे सूर्योदय पाहावा, कोठे सूर्यास्त, कोठे घोड्यावर बसावे आणि कोठे नावेत, हेही त्या यादीत ठरलेले असते. यादी इतकी परिचित झालेली आहे, की ती डोंगराइतकीच जुनी असावी असा समज व्हावा. वस्तुतः तिचे वय दोनशे वर्षांच्या आतले आहे आणि तीतील बहुतेक नावांचा काळ बऱ्याच निश्चितपणे सांगता येतो.

स्थलनामांचा अभ्यास सामान्यतः गावे, नद्या आणि किल्ले यांच्या नावांपुरता मर्यादित राहतो. प्रवाशाने जेथे केवळ उभे राहून पाहावयाचे, अशा जागांची नावे हौशी मानून बाजूला ठेवली जातात. परंतु डोंगराकडे पाहण्याची एक रीत जाऊन दुसरी रीत केव्हा आणि कोणाच्या सोयीने आली, याचा पुरावा या नावांइतका स्पष्टपणे क्वचितच अन्यत्र सापडतो. महाबळेश्वरच्या बाबतीत हा पुरावा तीन थरांत विभागता येतो : क्षेत्राची व वाटांची जुनी नावे, एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी नावे, आणि त्या इंग्रजी नावांचा मराठीने केलेला स्वीकार.

१

महाबळेश्वर हे मुळात क्षेत्र होय. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तेथे मानलेला आहे. पंचगंगेच्या देवालयात त्यांचे प्रवाह दगडी मुखांतून बाहेर पडतात. गुरू कन्या राशीत आला म्हणजे कृष्णेवर कन्यागताचे पर्व येते आणि बारा वर्षांनी येणाऱ्या या पर्वाला उगमस्थानी विशेष महत्त्व असते. या क्षेत्री येणारा यात्रेकरू ओवरीत किंवा क्षेत्रोपाध्यायाच्या घरी उतरे. स्नान, दर्शन, प्रदक्षिणा आणि दान ही त्याची येथील कर्तव्ये होती. ‘दर्शन’ या शब्दात पाहणे आहे खरे, पण ते देवाचे आणि उगमाचे पाहणे होय. कड्याच्या टोकाशी जाऊन खालची दरी न्याहाळणे हे यात्रेचे अंग नव्हते.

यात्रेकरूबरोबर या डोंगराचा दुसरा जाणकार म्हणजे वाटसरू. महाबळेश्वरचे पठार देश आणि कोकण यांच्या सीमेवर उभे आहे. पूर्वेस कृष्णेचे खोरे आणि वाई, पश्चिमेस जावळीचे रान, पार आणि त्यापलीकडे महाड. या प्रदेशातील जुनी नावे हालचालीची नावे आहेत : घाट, खिंड, वाट, शिडी, पार. पठारावरून पारकडे उतरणाऱ्या घाटाला ‘रडतोंडी’ म्हणत. या एका शब्दात चढाची उंची सांगितलेली नाही, चढणाऱ्याची अवस्था सांगितलेली आहे. ओझे घेऊन जो तेथून चढला असेल त्याने, किंवा त्याला चढताना ज्याने पाहिले असेल त्याने, हे नाव दिले असले पाहिजे. पूर्वेच्या कड्यावरील ‘नाके खिंड’ या नावातही वाटच आहे. ‘लिंगमळा’ या नावातील ‘मळा’ कसल्या जमिनीचा बोध करतो हे मराठी वाचकास सांगावयास नको.

कड्यावरून पाहणे या प्रदेशाला सर्वस्वी अपरिचित होते, असे मात्र म्हणता येणार नाही. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, त्यानंतर प्रतापगड बांधला, आणि १६५९ साली अफझलखानाचा प्रसंग त्याच गडाच्या पायथ्याशी घडला. गडावरचा पहारेकरी दिवसरात्र दरीकडे पाहतच असे. पण त्या पाहण्याला मराठीत ‘टेहळणी’ असा स्वतंत्र शब्द आहे. तिच्यात वाटेवर कोण येते हे जाणण्याचा हेतू असतो. म्हणजे येथेही दृष्टी वाटेचीच सेवा करीत होती. निव्वळ पाहण्यासाठी पाहण्याची जागा, आणि तिला स्वतंत्र नाव, ही कल्पना अद्याप यावयाची होती.

२

ती कल्पना आली ती निवासाच्या नव्या प्रकाराबरोबर. साताऱ्यास असलेले लॉडविक हे लष्करी अधिकारी १८२४ साली या पठारावर चढून आले. त्यानंतर साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांनी १८२६ मध्ये येथे एक लहानसे घर बांधले आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून साताऱ्यापासून वर रस्ता करविला. १८२८ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी येथे आरोग्यस्थान स्थापन करण्याचे मनावर घेतले. १८२९ च्या करारान्वये महाराजांनी पठारावरील जमीन कंपनी सरकारला दिली आणि तिच्या मोबदल्यात वाईजवळचे खंडाळा हे गाव घेतले. नव्या वसाहतीस ‘माल्कमपेठ’ असे नाव मिळाले.

हे नाव भाषेच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. पुण्यास सदाशिव पेठ, नारायण पेठ आणि नाना पेठ ज्या रीतीने नावारूपास आल्या, त्याच रीतीने येथे इंग्रज गव्हर्नराच्या नावाला मराठी ‘पेठ’ जोडली गेली. वसविणाऱ्याचे किंवा सत्ताधीशाचे नाव वस्तीला देण्याची प्रथा या देशास नवी नव्हती. नवी होती ती वस्तीबाहेरच्या, जेथे कोणी राहत नाही, काही पिकवीत नाही आणि जेथून वाटही जात नाही, अशा कड्याच्या टोकाला व्यक्तीचे नाव देण्याची प्रथा.

माल्कमपेठेतील नवा पाहुणा यात्रेकरूसारखा एक-दोन रात्रींपुरता येत नसे. तो हवापालटासाठी येई, आणि मुख्यतः एप्रिल-मेचा उन्हाळा किंवा पावसाळ्यानंतरचे काही आठवडे येथे काढी. पावसाळ्यात येथील पर्जन्यमान साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर जाते, त्यामुळे घरे गवताने शाकारून ती बंद करून निघून जाणे भाग पडे. बंगल्यात किंवा हॉटेलात उतरलेल्या या मंडळींसमोर रोज एक प्रश्न उभा राही : सकाळ आणि संध्याकाळ कशी घालवावयाची? वैद्यकीय मत मोकळ्या हवेतील व्यायामाच्या बाजूचे होते. तेव्हा घोड्यावरून किंवा गाडीतून रपेट करावयाची, कोठे तरी थांबावयाचे आणि परत यावयाचे, असा दिनक्रम ठरला. रपेटीला शेवट हवा असतो. ज्या ठिकाणी रस्ता संपतो, पठार तुटते आणि पुढे दरीखेरीज काही उरत नाही, तेच ठिकाण त्या शेवटास सोयीचे ठरले. अशा ठिकाणाला ‘पॉइंट’ हे नाव मिळाले.

‘पॉइंट’ या शब्दाचे मूळ इंग्रजीतील अर्थ अनेक आहेत. त्यांतील समुद्रात घुसलेले जमिनीचे टोक हा एक अर्थ पठाराच्या कड्याला सहज लागू पडला. खाली पसरलेले कोकण पहाटेच्या धुक्यात समुद्रासारखेच दिसते, हे तेथे उभे राहिलेल्या कोणालाही पटेल. परंतु रस्ता आधी आणि पॉइंट मागून, की पॉइंटसाठी रस्ता, हा भेद येथे महत्त्वाचा आहे. घाटाचा रस्ता दोन गावांना जोडतो. पॉइंटचा रस्ता मात्र निवासस्थानापासून निघून निवासस्थानाशीच परत येतो. महाबळेश्वरच्या प्रेक्षणीय स्थळांचा नकाशा हा या अर्थाने बंगल्याच्या दारातून काढलेला नकाशा आहे. बंगल्यापासून एका रपेटीच्या अंतरात जे आले ते त्यात आले, आणि जे त्यापलीकडे राहिले ते बहुशः निनावी राहिले.

३

या नकाशावरील नावांचे चार वर्ग पडतात. पहिला वर्ग सत्ताधीशांचा. एल्फिन्स्टन, कार्नॅक, फॉकलंड आणि विल्सन ही मुंबईच्या गव्हर्नरांची नावे होत. फॉकलंड हे १८४८ ते १८५३ या काळात गव्हर्नर होते. त्यांच्या पत्नीने १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘चाऊ-चाऊ’ या प्रवासवर्णनात महाबळेश्वरच्या वास्तव्याचे चित्र आहे. दुसरा वर्ग कुटुंबीय आणि अधिकारी यांचा. केट ही माल्कम यांची कन्या, आणि आर्थर म्हणजे त्या कड्यावर पहिले घर बांधणारे आर्थर मॅलेट. ‘आर्थर्स सीट’ हे नाव उच्चारताना एडिंबरोलगतच्या त्याच नावाच्या टेकडीची आठवण त्या काळच्या स्कॉटिश मंडळींना झाल्यावाचून राहिली नसेल. परमुलखात स्वदेशाचा एक तुकडा सापडल्याचे समाधान अशा नावांत असते. तिसरा वर्ग आकारावरून पडलेल्या नावांचा, उदाहरणार्थ, एलिफंट्स हेड. चौथा वर्ग अगदी लहान असून त्यात प्रामुख्याने एकच नाव येते, ते म्हणजे ‘बॉम्बे पॉइंट’. मुंबईकडे जाणारा जुना रस्ता तेथून खाली उतरे, म्हणून हे नाव. इंग्रजी नावांच्या समुदायात वाटेवरून पडलेले हे नाव जुन्या मराठी पद्धतीशी नाते सांगते.

या नावांत स्थैर्य नव्हते, हीही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आज जो लॉडविक पॉइंट म्हणून ओळखला जातो त्याचे पूर्वीचे नाव सिडनी पॉइंट. पठारावर प्रथम आलेल्या इंग्रजाचा मान राखण्यासाठी ते बदलण्यात आले आणि लॉडविक यांच्या मुलाने तेथे स्मारकस्तंभ उभारला. माउंट ऑलिंपियाचे कॅनॉट पीक झाले ते ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ. सर्वांत बोलके उदाहरण पठारावरील सर्वोच्च स्थानाचे आहे. सुमारे १४३९ मीटर उंचीच्या या टेकडीला ‘सिंदोळा’ म्हणत. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरातही ती याच नावाने येते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सर लेस्ली विल्सन गव्हर्नर झाल्यानंतर तिचा विल्सन पॉइंट झाला. म्हणजे महाबळेश्वरची सर्व इंग्रजी नावे आरंभीच्या पिढीने एकदाच ठेवली, असे नाही. नाव देणे ही शंभर वर्षे चालू राहिलेली मानपानाची क्रिया होती, आणि तिच्यात देशी नावाप्रमाणे कधी कधी आधीचे इंग्रजी नावही पुसले गेले.

केट्स पॉइंटची हकीकत अधिक गुंतागुंतीची आहे. या जागेचे जुने नाव नाके खिंड. ‘नाके’ या मराठी शब्दाचे दोन अर्थ येथे संभवतात. एक चौकीचा किंवा वाटेच्या तोंडाचा, आणि दुसरा सुईच्या भोकाचा. त्या कड्यालगत आरपार भोक असलेला खडक आहे आणि खिंडही आहे. तेव्हा दोन्ही अर्थ जागेला लागू पडतात. त्या खडकाला पुढे ‘नीडल होल पॉइंट’ हे नाव रूढ झाले. खडकातील अशा नैसर्गिक भोकाला मराठीत ‘नेढे’ हा नेमका शब्द आहे आणि राजगडावरील नेढे सुप्रसिद्ध आहे. भाषेत शब्द होता, त्या जागी सुईच्या भोकाचा अर्थ वागविणारे नावही होते. तरीसुद्धा पर्यटकांच्या यादीत गेले ते इंग्रजी नाव. शब्दाच्या अभावी परभाषेतून उसनवारी होते, हा जो सर्वसाधारण समज आहे, त्याला हे उदाहरण छेद देते. येथे शब्दाचा अभाव नव्हता. यादी करणाऱ्याच्या कानावर तो शब्द पडला नाही, किंवा पडूनही त्याने तो मोजला नाही.

४

इंग्रजी नावांच्या या यादीत कष्टकऱ्यांना जागाच नव्हती काय? दोन ठिकाणी आहे, आणि ती ज्या प्रकारे आहे तो प्रकार विचार करण्यासारखा आहे. माल्कम यांच्या काळापासून येथे चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता. तो १८६४ साली बंद झाला. या कैद्यांनी रस्त्यांची कामे केली, बटाटा आणि विलायती भाज्या यांची लागवड केली, वेताच्या वस्तू विणल्या. त्यांच्या मळ्यांवरून एका धबधब्याला ‘चायनामन्स फॉल’ म्हणू लागले. दुसऱ्या एका धबधब्याचे नाव ‘धोबी फॉल’. गव्हर्नर, त्याची कन्या आणि त्याचा अधिकारी या नकाशावर स्वतःच्या नावाने आले. कैदी आला तो देशाच्या नावाने, आणि कपडे धुणारा आला तो धंद्याच्या नावाने. यांपैकी कोणा एका माणसाचे नाव त्या पाण्याला मिळाले नाही.

आणखी काही समूह तर असेही आले नाहीत. कोळी, कुणबी आणि धनगर यांची या पठारावर पूर्वापार वस्ती होती. धावड हे मुसलमान कारागीर येथील दगडापासून लोखंड गाळीत. त्यासाठी लागणारा कोळसा जंगलातून येई, आणि जंगल राखीव होऊन सरपण दुर्मिळ व महाग झाल्यावर त्यांचा धंदा बसला. ज्या झाडीमुळे पॉइंटवरून दिसणारा देखावा रम्य ठरला, तीच झाडी राखताना एका धंद्याचा अंत झाला, ही गोष्ट प्रेक्षणीय स्थळांच्या इतिहासातून वगळता येत नाही. देखाव्याची किंमत कोणी तरी दिलेली असते. येथे ती अंशतः धावडांनी दिली.

सातारच्या राजघराण्याचा वाटाही यादीत झाकलेलाच राहतो. वेण्णा तलाव हा आज नौकाविहारासाठी प्रसिद्ध आहे. तो १८४२ च्या सुमारास छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांच्या कारकिर्दीत बांधला गेला. त्याला व्यक्तीचे नाव मिळाले नाही, नदीचेच राहिले. द. ब. पारसनीस यांनी १९१६ साली महाबळेश्वरवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध करून क्षेत्राचा आणि गिरिस्थानाचा इतिहास एका ठिकाणी आणला. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांसाठी आयुष्य वेचलेल्या या संशोधकाला प्रवाशांच्या डोंगरावर ग्रंथ लिहावासा वाटला, यावरून या विषयाचे ऐतिहासिक महत्त्व त्याने ओळखले होते असेच म्हटले पाहिजे.

५

तिसरा थर मराठीचा. इंग्रज पाहुण्यांच्या मागोमाग आणि पुढे त्यांच्या जागी मुंबई, पुणे आणि गुजरात येथील देशी कुटुंबे महाबळेश्वरी येऊ लागली. मोटारींच्या काळात ती संख्या वाढत गेली. त्यांच्याबरोबर ‘पॉइंट’ हा शब्द मराठीत स्थिरावला. तो पुल्लिंगी झाला. ‘पॉइंटवर’, ‘पॉइंटला’ असे प्रत्यय तो निमूटपणे घेतो, आणि अनेकवचनात ‘दगड’, ‘डोंगर’ या शब्दांप्रमाणे अविकृत राहतो. इंग्रजीतील अनेक अर्थांपैकी मुद्दा, गुण आणि टोक या अर्थांनीही तो बोलण्यात येतो. पण डोंगराच्या संदर्भात त्याचा अर्थ एकच उरला : थांबून पाहण्याची जागा.

याहून महत्त्वाचा बदल क्रियापदाचा आहे. प्रवासी ‘आज पाच पॉइंट केले’, ‘दोन पॉइंट राहिले’ असे बोलतात. इंग्रज रपेटीला जाई, पॉइंट ‘करीत’ नसे. ‘करणे’ हे क्रियापद मराठीत स्थळाशी जोडले जाते ते यात्रेच्या भाषेत : काशी केली, चारधाम केले, अष्टविनायक केले. तेथे स्थळांची संख्या ठरलेली असते, क्रम ठरलेला असतो, आणि एखादे स्थळ राहिले तर यात्रा अपुरी राहिल्याची रुखरुख लागते. नेमकी हीच मनोरचना पॉइंटांना लागू झाली. नाव परक्यांचे घेतले, पण ते बसविले यात्रेच्या व्याकरणात. म्हणून जुने क्षेत्र आणि नवे पॉइंट एकाच दिवसाच्या फेरीत, एकाच यादीत, निर्वेधपणे नांदू शकतात. भाषेतील उसनवारी म्हणजे केवळ शरणागती, असे मानणाऱ्यांनी या क्रियापदाकडे लक्ष द्यावे.

‘पॉइंट’चे कूळ महाबळेश्वरापुरते राहिले नाही. माथेरान, पाचगणी, लोणावळा आणि चिखलदरा येथेही तेच घडले. त्यांतल्या त्यात चिखलदऱ्याचे उदाहरण वेगळे आहे. जेथे हाक दिली असता प्रतिध्वनी उमटतो त्या जागा अन्यत्र ‘एको पॉइंट’ झाल्या, तर तेथे ‘पंचबोल’ हे नाव टिकले. परक्या नमुन्याच्या चौकटीतही भाषेला स्वतःचे नाव देता येते, याची ती साक्ष होय.

दुसऱ्या बाजूने, बॉम्बे पॉइंटला आता बहुतेक लोक सूर्यास्ताची जागा म्हणूनच ओळखतात आणि ‘सनसेट पॉइंट’ म्हणतात. रडतोंडी घाटाची वाहतूक नव्या घाटरस्त्याने गेली, वाट मोडली, आणि वाटेवरून पडलेल्या नावाचा अर्थ लोपला. शहराचे नाव बदलल्यानंतर काही जण त्यास ‘मुंबई पॉइंट’ म्हणतात. पण तेवढ्याने लोपलेला अर्थ परत आलेला नाही, कारण हरवले ते शहराचे नाव नसून त्या नावामागची वाट आहे.

६

या विवेचनावरून इंग्रजी नावे पुसून त्यांच्या जागी नवी देशी नावे द्यावीत, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. लॉडविक आणि विल्सन ही नावेही आता इतिहासाची साधने आहेत. नवीन सन्माननामे दिली, तर सिडनीच्या जागी लॉडविक आणि सिंदोळ्याच्या जागी विल्सन आणणारी जी क्रिया, तीच पुढे चालू राहील, आणि सिंदोळा व नाके खिंड पूर्वीइतकीच विस्मृत राहतील. खरी निकड नोंदीची आहे. महाबळेश्वर-पाचगणी हा प्रदेश २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. त्यामुळे झाडी आणि बांधकाम यांविषयी नियम आले. नावांना असे संरक्षण कोणत्याही अधिसूचनेने मिळत नाही.

गॅझेटियरात आणि जुन्या नकाशांत आलेली नावे गोळा करणे हे ग्रंथालयातील काम आहे, आणि ते तुलनेने सोपे आहे. कठीण काम आहे ते पॉइंटांच्या खालचे. एका पॉइंटपासून दुसऱ्या पॉइंटपर्यंतच्या मधल्या जागेत पाणवठे आहेत, गुरे उतरविण्याच्या वाटा आहेत, सरपणाच्या आणि मधाच्या जागा आहेत. कड्याखालच्या वाड्यांतील कोळी आणि धनगर यांच्या बोलण्यात त्यांना नावे असतात, आणि ती यादीत कधीच आली नाहीत. एक उन्हाळा या कामाला वाहून घेणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एखाद्या तुकडीने ही नावे उच्चारासह, जागेसह आणि सांगणाऱ्याने दिलेल्या अर्थासह टिपून घेतली, तर मराठी स्थलनामकोशास मोलाची भर पडेल. त्या तुकडीलाही उतरण्यासाठी माल्कमपेठेतच जागा घ्यावी लागेल आणि तिच्याही हाती प्रथम पॉइंटांची तीच यादी येईल. काम सुरू करावयाचे ते त्या यादीतील प्रत्येक नावापुढे, ‘याला पूर्वी काय म्हणत?’ एवढा प्रश्न लिहून.